काशीयात्रा आणि परदेशाचा बेत

धाराशिवकरांचा परदेश एके काळी बार्शीच्या अलीकडेच सुरू होत असे. बालाघाटाच्या डोंगरातून येडशीवरून पांगरीकडे निघालेली बैलगाडी काही कोसांतच निजामाच्या दौलतीची हद्द ओलांडून मुंबई इलाख्यात शिरे, आणि त्याबरोबर गाडीतल्या माणसाच्या कमरेच्या कशातील रुपयाचे मोल, त्याच्या कागदावरील तारीख आणि त्याच्या गाठोड्यातील मालावरचा हक्क, या तिन्ही गोष्टी बदलत. निजामी मुलखात हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार हा भाव साधारणपणे गृहीत धरलेला असला, तरी सराफाचा बट्टा त्यातून वजा होई तो होईच. इकडची कचेरी फसली सन आणि आजूर, दै, बहमन हे महिने लिही, तर तिकडची इंग्रजी महिन्यांनी चाले. हद्दीवर करोडगिरीचा नाका असे, आणि 1802 च्या व्यापारी तहाने शेकडा पाचावर बांधून दिलेली जकात तेथे वसूल होई. परमुलखात जाण्याची जी म्हणून लक्षणे आज विमानतळावर भेटतात, त्यांतली बरीचशी या जिल्ह्याच्या रयतेला बैलगाडीतच भेटत होती.

ही हद्दही स्थिर नव्हती. 1853 च्या तहाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि 1860 साली निजामाकडे परत आला. मधल्या काळात त्याचा कारभार काही वर्षे मेडोज टेलर या अधिकाऱ्याने पाहिला. ठगांच्या कृत्यांवर कादंबरी लिहून हा गृहस्थ विलायतेत आधीच प्रसिद्ध झालेला होता, आणि ज्या काळात वाटसरूचा गळा आवळणारा सोबती वाटसरूच्याच वेषात भेटे, त्या काळातील प्रवासाच्या बेतात ‘सोबत कोणाची’ हा प्रश्न सर्वांत आधी का येई, हे त्याच्या लेखनावरून सहज ध्यानात येते. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवास आले आणि मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावाला उस्मानाबाद हे नाव मिळाले.

अशा या मुलखात नवरा-बायकोने मिळून केलेला पहिला प्रवास परमुलखाचा नसे, देवाचा असे. अंगाची हळद फिटते न फिटते तोच नवदांपत्याला कुलदैवताच्या दर्शनास न्यावे, हा रिवाज महाराष्ट्रभर आहे, आणि तुळजापूर हे असंख्य घराण्यांचे कुलदैवत असल्यामुळे अशा जोडप्यांची रीघ या जिल्ह्याने शतकानुशतके पाहिली आहे. गोमुखाच्या धारेखाली आणि कल्लोळ तीर्थात स्नान, देवीची ओटी, गळ्यात कवड्यांची माळ, रात्री गोंधळ, आणि मुक्काम बहुधा घराण्याच्या परंपरागत पुजाऱ्याच्याच घरी. त्यानंतर सवड असेल तर अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. अनेक गावांचा हा प्रवास जोडप्याचा म्हणावा, तर त्याचा बेत जोडप्याने कधी केलेला नसे. बरोबर कोण येणार, किती दिवस राहायचे, कोणत्या दिवशी निघायचे, हे सारे वडीलधारी ठरवीत, आणि वधूवर त्या बेतात सामान आणि निमित्त या दोन्ही नात्यांनी सामील असत.

ज्याचा बेत दांपत्य स्वतः करी तो प्रवास आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला असे, आणि त्याचे नाव काशीयात्रा. मुलामुलींची लग्ने उरकली, शेताची निरवानिरव झाली, सावकाराचे देणे फिटले किंवा मुलाच्या नावे चढले, म्हणजे म्हातारा-म्हातारी त्रिस्थळीची, म्हणजे प्रयाग, काशी आणि गया यांची, भाषा बोलू लागत. पायी जाण्याच्या काळात या यात्रेला महिनेच्या महिने लागत, परतण्याची शाश्वती नसे, आणि निघण्यापूर्वी घेतलेला निरोप अखेरचा समजूनच घेतला जाई. आगगाडीने या भयाला प्रथम वेसण घातली. सोलापुरापर्यंत लोहमार्ग 1860 साली आला. मुंबईकडून जबलपुरास जाणारी गाडी 1870 साली पूर्वेकडच्या मार्गास जोडली गेली. दौंड-मनमाड हा फाटा 1878 मध्ये खुला झाला. आणि 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली, तिने 1911 पर्यंत लातूर गाठले. आता धाराशिवच्या यात्रेकरूने बार्शीच्या छोट्या गाडीत बसावे, कुर्डुवाडीस मोठी गाडी धरावी, दौंड, मनमाड, इटारसी, जबलपूर अशा गाड्या बदलत प्रयागास उतरावे, असा बेत कागदावर मांडता येऊ लागला. हालीचे कलदार करून घेणे, दशम्या आणि चिवड्याची बेगमी, तांब्यांचे व पांघरुणांचे गाठोडे, शेजारगावच्या एखाद्या अनुभवी यात्रेकरूची सोबत, आणि गुराढोरांची तजवीज. बेताची एवढीच कलमे.

प्रयागास पोहोचल्यावर मात्र एक विधी असा येई, की ज्याचा विचार आजच्या वाचकाने क्षणभर थांबून करावा. त्रिवेणीच्या काठी वेणीदानासाठी पत्नी पतीच्या पुढ्यात बसे. पती तिचे केस विंचरून स्वतःच्या हाताने वेणी घाली, तीत फुले माळी, आणि वेणीचे टोक दोन बोटे कातरून ते संगमात अर्पण होई. ज्या एकत्र कुटुंबात वडिलांसमोर बायकोला नावाने हाक मारणे हाही आगाऊपणा ठरे, त्या कुटुंबातील कर्त्या पुरुषाने साऱ्या जगासमोर अर्धांगीची वेणी घालावी, हा प्रसंग बहुधा त्या दोघांच्या संसारातील पहिलाच असे, आणि तो घडण्यासाठी त्यांना घरापासून कित्येक शे कोस दूर यावे लागे. काशीस तीर्थोपाध्याय आपली जुनी वही उघडून त्यांच्या आजा-पणजाचे नाव दाखवी आणि खाली यांचे नाव लिहून घेई. गयेस एखादे आवडीचे फळ वा भाजी कायमची सोडली जाई. गंगेचे सीलबंद गडू घेऊन दांपत्य परतले, की गावजेवणाचे मावंदे घातल्यावाचून यात्रा पुरी झाली असे कोणी मानीत नसे.

सप्टेंबर 1948 मध्ये सोलापूरच्या बाजूने आलेल्या हिंदी फौजांनी नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल ताब्यात घेतला आणि पाच दिवसांत निजामाची दौलत संपली. त्याआधीच्या वर्षात रझाकारांच्या जाचाने कित्येक कुटुंबे हीच हद्द ओलांडून बार्शी-सोलापुराकडे गेली होती. त्या प्रवासाला मात्र कोणी यात्रा म्हटले नाही. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1959 पर्यंत हाली सिक्क्याचे चलनही संपले, आणि बार्शीचा परमुलूख शेजारचा तालुका झाला.

खरा परदेश अद्याप फार दूर होता. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने 1960 साली मध्यमवर्गीय दांपत्य युरोप कसे पाहते याचे चित्र घरोघर पोहोचवले, पण ते चित्र बहुतेकांच्या दृष्टीने वाचण्याचे होते. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली दिला आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. तरी परकीय चलनाच्या टंचाईमुळे प्रवाशाला अवघे आठ डॉलर बरोबर नेण्याची मुभा असण्याचे दिवस पुढेही राहिले. मराठी सहल कंपन्यांनी वाट सोपी केली ती नंतरच्या दशकांत, आणि तेव्हाही पहिल्या गिऱ्हाइकांत निवृत्त, मुलांच्या जबाबदारीतून मोकळी झालेली जोडपीच पुष्कळ होती. काशीयात्रेचे वय त्यांनी युरोपला लावले, एवढेच.

आता ते वय उलटले आहे. बी-बियाण्याचे दुकान चालवणारा किंवा शाळेत शिकवणारा धाराशिवचा तरुण आणि त्याची पत्नी लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच पॅरिस, रोम, प्राग अशी यादी करतात. इतिहासाची गंमत अशी, की उमरगा-नळदुर्गाकडच्या मंडळींना परदेशाचे विमान पकडण्यासाठी आता पश्चिमेकडे वळण्यापेक्षा पूर्वेकडे, म्हणजे निजामाच्या जुन्या राजधानीच्या शमशाबाद येथील विमानतळाकडे, जाणे जवळचे पडते. युरोपातील हद्दीही मिटल्या आहेत: 1985 साली शेंगेन येथे झालेल्या कराराचा अंमल 1995 मध्ये सुरू झाला आणि एका व्हिसावर अनेक देश खुले झाले. पण त्या व्हिसाचा अर्ज जेथे सर्वाधिक रात्री काढायच्या त्या देशाकडे, रात्री सारख्या असल्या तर जेथे प्रथम पाऊल टाकायचे त्या देशाकडे, करावा लागतो. तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे उतारे, रजेचा दाखला जोडावा लागतो. म्हणून आधी रात्रींचा हिशोब, मग गावांचा क्रम, मग तिकिटे, हीच बेताची सरळ रीत होय.

या साऱ्यात जे अवघड आहे ते मात्र कोणत्याही कचेरीच्या यादीत नाही. काशीस निघालेल्या दांपत्याला कोठे जायचे आणि कशासाठी, हे दोन प्रश्न पडतच नसत. परंपरेने त्यांची उत्तरे देऊन ठेवलेली असत आणि सारी शक्ती ‘कसे’ या एकाच प्रश्नावर खर्च होई. आजच्या दांपत्याचा ‘कसे’ हा प्रश्न पैशाने आणि यंत्राने बव्हंशी सोडवला आहे, आणि उरलेले दोन्ही प्रश्न प्रथमच त्यांच्या पदरी आले आहेत. त्यांची उत्तरे टाळली म्हणजे दहा दिवसांत आठ शहरे हा बेत जन्मास येतो, कारण निवड न करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सर्वच घेणे. त्रिस्थळीत स्थळे तीनच होती, आणि प्रत्येक स्थळी करावयाचे काम ठरलेले होते. आजच्या जोडप्याने आपली तीन गावे आपण निवडावी, प्रत्येक गावी कशासाठी थांबायचे हे एकमेकांना आधी विचारावे, आणि मगच तिकिटे काढावी. बेत कसा करावा हे आजा-पणजांकडून शिकण्यासारखे आहे, आणि बेत दोघांनी मिळून करणे, जे त्यांना उतारवयापर्यंत साधले नाही, ते या पिढीला आरंभीच साधता येण्यासारखे आहे.