फिन्सेन यांच्या प्रकाशसंस्थेची वाटचाल

कोपनहेगनमध्ये १८९६ साली निल्स रायबर्ग फिन्सेन यांची वैद्यकीय प्रकाशसंस्था सुरू झाली, तेव्हा तिच्या गाठीला जेमतेम एका रोग्याचा अनुभव होता. तो रोगी एक अभियंता होता; त्याच्या चेहऱ्यावर त्वचेचा क्षय पसरला होता आणि सगळे इलाज करून झाले होते. १८९५च्या नोव्हेंबरात फिन्सेन यांनी त्याला शहराच्या वीजकेंद्रात बसवून कार्बन आर्क दिव्याचा प्रकाश रोज त्या डागांवर पाडायला सुरुवात केली. काही महिन्यांत जखमा भरल्या. एवढ्या भांडवलावर देणगीदार पुढे आले, यात त्या काळाचा विज्ञानावरचा भाबडा विश्वास दिसतो, पण यावेळी तो फळला.

संस्थेचे रोजचे काम मोठे चिकाटीचे होते. एका दिव्याभोवती चार रोगी निजत. भिंगांच्या नळ्यांतून एकवटलेला प्रकाश त्यांच्या त्वचेवर पडे. भाजू नये म्हणून मध्ये थंड पाणी खेळवलेले असे. शेजारी काळा चष्मा लावलेली परिचारिका एक छोटे भिंग त्वचेवर दाबून धरी, कारण रक्त प्रकाशाला अडवते. हे फिन्सेन यांनी पत्नीच्या कानाच्या पाळीवर ताडून पाहिले होते. पाळीच्या मागे फोटोचा कागद ठेवला तर तो काळा पडेना. काचांमध्ये पाळी दाबून रक्त बाजूला सारले, तेव्हा पडला. मग पाळीएवढ्याच जागेवर तास-तासभर दाब देत बसणे आले, तेही महिनोन्महिने. नोबेलच्या कथेत फिन्सेन यांचे नाव येते, या बायकांच्या मनगटांचे येत नाही.

पहिल्या पाच-सहा वर्षांत सुमारे ८०० रोग्यांवर उपचार झाले आणि बहुतेकांना गुण आला. जन्माने डॅनिश राजकन्या असलेल्या ब्रिटनच्या युवराज्ञी अलेक्झांड्रा यांनी हा दिवा १९००मध्ये लंडन हॉस्पिटलला मिळवून दिला. १९०३चे नोबेल आले, पण हृदय आणि यकृताच्या जुन्या दुखण्याने फिन्सेन खुर्चीला खिळले होते. स्टॉकहोमला जाणे झाले नाही. पारितोषिकातला मोठा वाटा त्यांनी संस्थेला आणि एका आरोग्यधामाला दिला. पुढच्याच वर्षी, ४३व्या वर्षी, ते गेले.

त्याच १९०४ साली म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांनी एका वेगळ्या परिणामाला ‘फोटोडायनॅमिक’ हे नाव दिले. त्यांचा विद्यार्थी ऑस्कर राब याला काही वर्षांपूर्वी दिसले होते, की अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्यात ठेवलेले पॅरामेशियम जीव उजेडात मरतात, अंधारात तगतात. एकटा रंग मारत नव्हता, एकटा उजेडही नाही. कोपनहेगनमध्ये मात्र समज असा होता, की निळे-जांभळे आणि अतिनील किरण जंतूंना थेट मारतात.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यानंतरची औषधे आली, त्वचेच्या क्षयासाठी दिव्याखाली निजण्याची गरज उरली नाही. संस्था कर्करोगाकडे वळली, आणि अखेर रिग्सहॉस्पिटालेट या मोठ्या रुग्णालयात विलीन झाली. फिन्सेन हे नाव तिथे पुढेही राहिले.

२००५ साली डॅनिश संशोधकांनी फिन्सेन यांची जुनी भिंगे मोजमापाला घेतली. ३४० नॅनोमीटरखालचा अतिनील प्रकाश त्यांतून जवळजवळ पारच होत नव्हता! मग क्षयाचे जंतू मेले कसे? त्यांच्याच पोटातल्या पॉर्फिरीन या द्रव्याने निळसर प्रकाश शोषला, ती ऊर्जा ऑक्सिजनला दिली, आणि त्या चवताळलेल्या ऑक्सिजनने जंतूला आतून जाळले, असे या संशोधकांचे स्पष्टीकरण. म्हणजे टापायनर यांचा परिणाम कोपनहेगनमध्ये कुणाच्या ध्यानात न येता रोज घडत होता. जंतूने रंग स्वतःच आणला होता.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे आता नेमके हेच तत्त्व पुन्हा हाती घेतले जाते आहे. औषध बहुधा जंतूतल्या एखाद्या ठरावीक जागेवर नेम धरते, आणि ती जागा बदलली की जंतू सुटतो. चवताळलेला ऑक्सिजन पटल, प्रथिने, डीएनए असे समोर येईल त्यावर तुटून पडतो. जुन्या औषधांना सरावलेला जंतूही त्यातून सहजी सुटत नाही. व्हॅनकूव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये २०११पासून मोठ्या शस्त्रक्रियांआधी रोग्याच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू हा रंग लावून काही मिनिटे लाल प्रकाश देतात; स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू बहुतेकदा तिथे दडतो. फिन्सेन यांच्या काळात हाच मिथिलीन ब्लू कधीकधी गाळणी म्हणून पाण्यात मिसळत, रोग्याला लावत नसत.

व्हॅनकूव्हरमध्ये ३,००० हून अधिक रोग्यांत जखमेतील संसर्ग २.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. मात्र ही तुलना आधीच्या वर्षांतल्या रोग्यांशी होती आणि सोबत क्लोरहेक्सिडीनने अंगही पुसले जात होते, त्यामुळे सारे श्रेय दिव्याला देणे घाईचे ठरेल. शिवाय प्रकाश ऊतींत काही मिलिमीटरच शिरतो. जखम, नाक, तोंड, त्वचा इथवर त्याची पोच. रक्तात भिनलेल्या संसर्गावर त्याचा उपयोग नाही.