शेवटचा हात

“रात्री तर चांगली होती हो!” हे वाक्य दोन दारांत हमखास ऐकू येते. एक वैद्याच्या, दुसरे मोटार-मिस्त्रीच्या. बोलणाऱ्याची पक्की समजूत असते की, जे काय बिघडले ते रात्रीतूनच बिघडले. मग रात्री शेवटचा हात कोणाचा लागला होता, याचा शोध सुरू होतो. असा शोध मीही एकदा केला आणि एका चौदा वर्षांच्या मुलावर अन्याय करून बसलो. जन्मभर वर्गात इतिहास शिकवलेल्या माणसाला हे शोभले नाही. म्हणून आज वाचकांपुढे ही कबुली.

तारीख होती २९ डिसेंबर २०१८. नागपूरकरांना ती आठवत असेल. त्या पहाटे शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एवढ्या थंडीची नोंद नागपुरात पूर्वी झालेली नव्हती. नेमकी त्याच सकाळी आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली. आई शाल, स्वेटर, कानटोपी असा जामानिमा करून गाडीत बसली. मी किल्ली फिरवली. ‘कट्’ एवढा एकच आवाज झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘कट्’.

आदल्या संध्याकाळी माझा भाचा गाडीत अर्धा तास रेडिओ ऐकत बसला होता. मला गुन्हेगार सापडला! थंडीने आणि चिंतेने तापलेल्या डोक्याने मी त्याला सगळ्यांसमोर नको नको ते बोललो. “पण मामा, मी बंद केला होता,” एवढेच तो म्हणाला आणि चहा न घेता आत निघून गेला. आम्ही ऑटोने गेलो. शस्त्रक्रिया नीट झाली. दुपारी घरी येऊन मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावले.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी मला किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः कान देऊन उभे राहिले. त्यांचे शास्त्र कानाचे. इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, तर दोष पेट्रोलचा किंवा ठिणगीचा. इंजिन फिरतच नाही, नुसते ‘कट्’ होते, तर बॅटरी, तिच्या तारा किंवा स्टार्टर. मग त्यांनी पुढचे दिवे लावायला सांगितले. किल्ली फिरवताच दिवे मंदावले, म्हणजे संशय बॅटरीवर आणि तिच्या जोडांवर. जोडांवर पांढरी-हिरवी पूड साचली होती. ती गरम पाण्याने धुऊन जोड घासले, आवळले. फरक पडला नाही. मग बॅटरीची सहा बुचे उघडून काचेच्या पिचकारीने एकेका घरातले आम्ल ओढून पाहिले. पाच घरांत आतला काटा नीट तरंगला. तिसऱ्या घरात तळाला बसला.

मी म्हणालो, “थंडीने मारली ना? की रेडिओने?”

मिस्त्री हसले. “पोट्ट्याले कायले बोल्ले जी? ही तं मे महिन्यातच मेली होती. थंडीनं फक्त सांगितलं.”

हे वाक्य मी पुढे वाचून, विचारून पडताळून पाहिले. ते अक्षरशः खरे आहे. पण त्यासाठी किल्लीमागचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे.

पूर्वी मोटारीला किल्लीने जाग येत नसे. पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. माझ्या लहानपणी वडिलांच्या गाडीच्या डिकीत ते हँडल असे. “अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव,” ही वडिलांची ताकीद अजून कानात आहे. कारण इंजिनाने उलटा झटका दिला, तर अंगठा किंवा मनगट मोडे. अमेरिकेत असाच झटका बसून एक मोटार-कारखानदार दगावला आणि त्या हळहळीतून विजेचा स्टार्टर जन्मला, अशी कथा सांगतात. कथा राहू द्या. पण चार्ल्स केटरिंगचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर आला, हा इतिहास आहे. हा गृहस्थ आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवत असे. तिथे त्याला एक गोष्ट उमगली होती: क्षणभरच काम करायचे असेल, तर लहानशा मोटरकडूनही मोठे काम करून घेता येते.

या सोयीने माणसाचा अंगठा वाचला. पण सारा भार बॅटरीवर आला. फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँतेने १८५९ मध्ये शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवून जी बॅटरी केली, तिचेच वंशज आजही आपल्या बहुतेक गाड्यांत बसलेले आहेत. सहा घरे, प्रत्येकी सुमारे दोन व्होल्ट. आता आपले नागपूर पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बॉनेटखाली तर त्याहून जास्त. त्या भट्टीत बॅटरीतले पाणी उडते, पट्ट्या झिजतात. मात्र उष्णतेमुळे रसायनाला जोरही येतो, म्हणून गाडी सुरू होत राहते आणि मालक खूश असतो. मग थंडी पडते. रसायन मंदावते, इंजिनातले ऑइल घट्ट होते. ताकद घटते त्याच वेळी मागणी वाढते. आणि उन्हाळ्यात झालेला घात डिसेंबरच्या पहाटे उघड होतो.

आणि रेडिओ? मिस्त्रींनी हिशेबच मांडला. अर्ध्या तासाची गाणी म्हणजे फार तर एक अँपिअर-तास; बॅटरी पस्तिसाची. मग गाडीतले सारे बंद करून त्यांनी बॅटरी आणि तार यांच्यामध्ये मीटर जोडला, रात्री चोरून वीज खाणारे काही आहे का ते पाहायला. काटा जेमतेम हलला. म्हणजे रात्रही निर्दोष आणि भाचाही.

त्या संध्याकाळी मला माझाच वर्ग आठवला. “नागपूरचे राज्य का गेले?” असे विचारले की मुले एका सुरात सांगत, “तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले म्हणून!” तेही डिसेंबरातच वारले, आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. पण १८१६ मध्ये आप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केला आणि १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, तेव्हाच या बॅटरीची घरे निकामी झाली होती. पुढची छत्तीस वर्षे दिवे लागत राहिले एवढेच. मुलांना मी हे दर वर्षी समजावत असे: शेवटची घटना निराळी आणि कारण निराळे. आणि घरात मात्र मी शेवटचा हात धरला!

नवी बॅटरी बसली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मी भाच्याच्या खोलीत गेलो. चौदा वर्षांच्या मुलाची क्षमा मागणे पन्नास विद्यार्थ्यांसमोर चूक कबूल करण्यापेक्षा अवघड असते, हे तेव्हा कळले. मी म्हणालो, “बेटा, चूक माझी होती. उन्हाळ्यात मीच पाणी बघितलं नाही.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, आता गाडीत रेडिओ ऐकू?”

आम्ही दोघेही जाऊन बसलो. आईने डोळ्याला पट्टी असतानाच आतून विचारले, “सुरू झाली का रे?”

दिवाळीत घर आवरताना माळ्यावरचे ते जुने हँडल अजून हाती येते. मी ते पुसून पुन्हा जागेवर ठेवतो. आणि मे महिना लागला की न विसरता बॉनेट उघडून बॅटरी तपासतो. माझ्यापुरता इतिहासाचा उपयोग एवढाच झाला आहे, पण तो थोडका नाही.