पहिल्या वाढदिवसाचा हिशेब

कोटेशन व्हॉट्सॅपवर आलं. ५० माणसांसाठी हॉल, फुग्यांची कमान, बारा महिन्यांच्या बारा फोटोंची माळ, दोन मजली केक, आणि बाळानं दोन्ही हातांनी चिवडावा म्हणून एक वेगळा छोटा केक. ७२,००० रुपये, जीएसटी वेगळा. घराचा हप्ता गेल्यावर आम्हा दोघांच्या पगारातून जे उरतं, त्याच्या दुपटीहून जास्त. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती सध्या चप्पल चाटते.

आकडा कमी कसा करायचा या विचारात मी आजीला सहज विचारलं, "बाबांचा पहिला वाढदिवस कसा केला होतास?"

"कसला वाढदिवस? वरीस झालं आसं तोंडानं म्हणायचंसुदिक न्हाई."

मला वाटलं, गरिबीमुळे. तसं नव्हतं. म्हणजे गरिबी होतीच, पण कारण वेगळं होतं.

आमचं गाव माण तालुक्यातलं. बाबांचा जन्म १९७२ चा, रंगपंचमीच्या आदल्या दिवशीचा. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. वर्षभरानं, १९७३ च्या मार्चमध्ये, बाबा एक वर्षाचे झाले तेव्हा आजी पाझर तलावाच्या कामावर माती उचलत होती. राज्यभर अशी दुष्काळी कामं निघाली होती आणि त्या मे महिन्यात त्यांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. खायला अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. बाबा तिथंच, बाभळीला बांधलेल्या झोळीत.

बाबांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. तो आठ महिन्यांचा होऊन गेला. म्हणून बाबांचं घरातलं नाव दगडू. धोंडू, भिकू, केरू, उकिरड्या ही नावं आपण आता मीम्समध्ये हसण्यासाठी वापरतो. पण ती ठेवणाऱ्या आयांचा त्यामागे एक साधा डाव होता: हे पोर कुणी उचलून न्यावं इतकं मोलाचं नाही, असं नशिबाला भासवायचं. मग त्याच पोराचं वर्ष पुरं झालं म्हणून गावभर सांगत कोण सुटणार? "मोजलं की नजर लागती," आजी म्हणाली.

नजरेचं मला माहीत नाही, पण भीती खोटी नव्हती. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वर्षातच दगावत होती. साधारण आठांत एक. २०२० मध्ये देशाचा हाच आकडा २८ होता आणि महाराष्ट्राचा १६. आज आपण बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल बुक करतो, कारण तीन महिने आधी पैसे भरताना बाळ असेल की नाही हा प्रश्न आपल्या मनाला शिवतसुद्धा नाही. कोटेशनमध्ये ही ओळ कुठेच नसते.

मग वाढदिवस आपल्याकडे नव्हताच का? पोथीत होता. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या 'धर्मसिंधू'त वर्धापनविधी दिलेला आहे. तिथं एक गंमत सापडली. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत हा विधी दर महिन्याच्या जन्मतिथीला करावा, पुढे वर्षातून एकदा. इन्स्टाग्रामवर दर महिन्याला चादरीवर आकडा मांडून बाळाचा फोटो टाकणाऱ्या आम्हा आयांना घरातली मोठी माणसं हसतात, त्यांना हे दाखवायला हवं! विधीत मार्कंडेयाची आणि अश्वत्थामा, बळी, व्यास वगैरे चिरंजीवांची पूजा आहे, म्हणजे मागणं एकच: आयुष्य. प्यायला तीळ-गूळ घातलेलं दूध. आणि षष्ठीदेवीला नैवेद्य दहीभाताचा. त्या दिवशी नखं-केस कापू नयेत, भांडू नये, प्रवास करू नये. खर्च म्हणाल तर आजच्या भावानं शे-दीडशे रुपये.

अर्थात ही पोथी आमच्या घरात कधी आली नाही, येणारही नव्हती. संस्कृत वाचणाऱ्या घरांची ती गोष्ट. पण षष्ठी आमच्याकडेही होती, सटवाई या नावानं. पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहून जाते ती. आजीनं बाबांची पाचवी पुजली होती. वर्ष झाल्यावर मात्र तिनं काही केलं नाही असं ती आधी म्हणाली, आणि मग थांबून म्हणाली, "सुकडीचा येक घास सटवाईच्या नावानं बांधावर ठिवला व्हता. कुणाला सांगितलं न्हाई."

तारखेचं आणखी एक लफडं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण आजीला त्याचा पत्ता नव्हता. बाबांना शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आजोबा म्हणाले, शिमग्यातला. शाळेच्या रजिस्टरात शिमगा बसत नाही, म्हणून गुरुजींनी १ जून लिहिलं. महाराष्ट्रातल्या किती वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो हे तुमच्या फेसबुकवर एकदा मोजून बघा. ज्यांचा जन्म कुणी टिपून ठेवला नाही, अशा एका अख्ख्या पिढीचा तो सामुदायिक वाढदिवस आहे. बाबांचं आधार, पॅन, निवृत्ती, सगळं त्याच तारखेवर चालतं.

शेवटी आम्ही हॉल घेतला नाही. कल्पना उसनी घेतली ती बोरन्हाणाची. संक्रांतीला पोराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि गल्लीतल्या पोरांनी ते लुटायचे. यात मजा पोरांना येते, मोठ्यांनी फक्त बाजूला व्हायचं असतं. आम्ही बोरांच्या जागी गोळ्या आणि छोटे चेंडू घेतले. इमारतीतली अकरा मुलं आली. बेकरीतला अर्धा किलोचा केक, घरचा दहीभात, बटाटेवडे. सगळे मिळून ४,३०० रुपये. नवऱ्याच्या मावशीनं "एवढंच?" असं विचारलं, ते धरलेलं नाही.

ओवाळायला आजीला पुढे बसवलं. तिनं आधी काजळाची तीट लावली, कानामागे, दिसणार नाही अशी. मग तबक फिरवता फिरवता मोठ्यानं म्हणाली, "येक वरीस झालं गं बाई तुला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठून गॅलरीत गेले.

रात्री भांडी आवरताना आजीनं विचारलं, रंगपंचमी कधी आहे. मी फोनमध्ये बघून सांगितलं.

"मग आदल्या दिशी तुज्या बापालाबी ओवाळू," ती म्हणाली. "केक नगं आणू. दहीभात कर."