‘इंदुलेखे’ची जन्मकथा

११ जून १८८९ रोजी मलबारातील परप्पनंगाडी येथील मुन्सफ ओय्यारत्तु चंतु मेनन यांनी मलयाळम भाषेत एक कादंबरी लिहावयास घेतली आणि १७ ऑगस्ट रोजी ती पुरी केली. त्या वेळी त्यांचे वय ४२ वर्षांचे होते आणि त्यांच्या नावावर एकही ललितकृती नव्हती. न्यायालयाचे काम सांभाळून अवघ्या दोन महिन्यांत लिहिलेली ही वीस प्रकरणांची ‘इंदुलेखा’ मलयाळम कादंबरीच्या इतिहासात आजही आरंभस्थानी मानली जाते. दोन महिन्यांचा हा वेग विस्मयकारक वाटतो खरा. परंतु या लेखनामागे सुमारे अडीच वर्षांची पूर्वतयारी होती, आणि त्या तयारीचे स्वरूप एका फसलेल्या अनुवादाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वेगाचे रहस्य उलगडते.

ग्रंथ छापून निघण्याची अडचण तेव्हाच्या मलबारात फारशी उरली नव्हती. बासेल मिशनने तेल्लिचेरीस १८४७ मध्येच मलयाळम वृत्तपत्र काढले होते. गुंडर्ट यांचा मलयाळम-इंग्रजी कोश १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कालिकतेत खाजगी छापखाने चालू होते. अप्पु नेडुंगाडी यांची ‘कुंदलता’ही १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली होती; मात्र तिच्यातील राज्ये आणि राजपुत्र कल्पनासृष्टीतले होते, केरळातील घरादारांशी त्यांचा संबंध नव्हता. छापखाना होता, लिपी होती, भाषा होती. आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांसारख्या माणसांची कल्पित कथा वाचावी, अशी इच्छा बाळगणारा वाचक तेवढा नव्हता. एळुत्तच्छनाचे रामायण, आट्टक्कथा आणि संदेशकाव्ये यांवर ज्याची अभिरुची पोसली होती, त्याला अशी कथा हवी आहे हेच मुळी ठाऊक नव्हते.

तो वाचक चंतु मेनन यांना प्रथम स्वतःच्या घरात मिळाला. १८८६ च्या अखेरीस कालिकत सोडल्यानंतर फावल्या वेळात इंग्रजी कादंबऱ्या वाचण्याचा त्यांना छंद जडला. इष्टमित्रांशी आणि घरच्यांशी बोलण्याचा वेळ त्यात जाऊ लागला, तेव्हा घरातून तक्रार आली. यावर तोड म्हणून वाचलेल्या कादंबऱ्यांचे कथानक ते मलयाळममध्ये सांगू लागले. प्रारंभी या गोष्टींनी कोणाचे फारसे मन वेधले नाही. पुढे मात्र डिझरायलीच्या ‘हेन्रिएटा टेंपल’ची कथा रंगली आणि ती लिहून द्यावी असा आग्रह सुरू झाला. इंग्रजी धर्तीची कादंबरी आपल्या भाषेत वाचावयास मिळावी ही इच्छा त्यांच्या पत्नीने वारंवार बोलून दाखविली होती, असे पुढे डूमर्ग या इंग्रज अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात चंतु मेनन यांनीच नमूद केले आहे.

अनुवाद सुरू झाला आणि थोड्याच काळात सोडून द्यावा लागला. या माघारीची त्यांनी दिलेली कारणे कोणाही अनुवादकाने मनन करावीत अशी आहेत. तोंडी सांगताना ऐकणाऱ्याची मुद्रा समोर असते. तो अडखळला की निवेदक थांबतो, खुलासा करतो, परक्या रिवाजाला घरचा दाखला जोडतो. कागदावर उतरलेल्या वाक्याला ही सोय नसते. खुलासे गाळले तर अर्थ लोपतो, घातले तर कथा बुडते. शिवाय इंग्रजी प्रेमसंवाद जसेच्या तसे मलयाळममध्ये आणले असता त्यांची गोडी नाहीशी होते, हेही त्यांना आढळून आले. एका समाजाचा शिष्टाचार दुसऱ्या समाजाच्या भाषेत शब्दाने आणता येतो, परंतु तो शिष्टाचार पाळणारी माणसे त्या शब्दामागोमाग येत नाहीत. तेव्हा इंग्रज पात्रांना मलयाळम बोलावयास लावण्यापेक्षा मलयाळी पात्रांचीच कथा रचावी, असा निर्णय त्यांनी घेतला. ‘इंदुलेखे’चा उगम या निर्णयात आहे.

हस्तलिखित तयार होत असतानाच आक्षेपही पुढे आले. घडलेलीच नाही अशी गोष्ट लिहिण्यात काय हशील, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. डिसेंबर १८८९ च्या प्रस्तावनेत या आक्षेपास त्यांनी चित्रकलेच्या दृष्टान्ताने उत्तर दिले. देवदेवतांच्या अद्भुत आणि अमानुष आकृतींवर जे लोक लुब्ध होते, त्यांनाच आता हुबेहूब माणसासारखी माणसे दाखविणारी तैलचित्रे रुचू लागली आहेत. कथेच्या प्रांतातही असेच घडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाषेविषयीही त्यांची भूमिका निश्चित होती. संस्कृतप्रचुर पंडिती शैली येत असूनही घरात बोलले जाणारे मलयाळमच त्यांनी पत्करले. ज्या श्रोत्यांपुढे कथा प्रथम सांगितली गेली, त्यांचीच बोली ग्रंथाची भाषा झाली.

कालिकतच्या स्पेक्टेटर छापखान्यातून पुस्तक बाहेर पडले. ही इंग्रजी कादंबरीच्या धर्तीवर लिहिलेली कथा आहे, असे मुखपृष्ठावरच सांगितले होते. १८९० च्या प्रारंभी विक्रीस आलेली पहिली आवृत्ती सुमारे तीन महिन्यांत संपली आणि त्याच वर्षी दुसरी आवृत्ती काढावी लागली. डूमर्ग यांनी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. ज्या भाषेतून कादंबरी आणता आली नाही, त्याच भाषेत या लेखकाची कादंबरी गेली.

हे यश केवळ नावीन्याचे नव्हते. इंग्रजी शिकलेली इंदुलेखा वृद्ध पंचु मेनन यांची आज्ञा झुगारून सूरी नंपूतिरिप्पाड या धनाढ्य ब्राह्मणास नाकारते आणि माधवनशी असलेली आपली निष्ठा राखते. नायर तरवाड आणि नंपूतिरी यांच्यामधील ‘संबंधम्’ या चालीवर हा उघड आघात होता. ही चाल कायद्याच्या दृष्टीने विवाह ठरते की नाही, याचा विचार करण्यासाठी १८९१ मध्ये जो मलबार विवाह आयोग नेमला गेला, त्याचे चंतु मेनन हे एक सदस्य होते आणि त्यांनी तेथे आपले भिन्न मत नोंदविले. कादंबरीतील वाद वाचकाच्या दाराशीच चालला होता.

याच सुमारास मराठी कादंबरी निराळ्या वाटेने वाचकाकडे जात होती. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिति’ १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून क्रमशः आली. तिलाही रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीचा आधार होता. १८९० मध्ये ‘करमणूक’ निघाले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आठवड्याआठवड्याने वाचकांच्या हाती पडू लागली. आपट्यांचा वाचक नियतकालिकाने जमविला आणि लेखनाच्या ओघात त्याचा प्रतिसाद लेखकास मिळत गेला. चंतु मेनन यांना तो प्रतिसाद लेखनापूर्वीच, घरच्या बैठकीत मिळाला होता. दोघांच्याही वाटचालीत परक्या ग्रंथाशी झालेली झटापट हा टप्पा समान आहे. नामकरणात मात्र भेद पडला: मराठीने बाणभट्टाच्या ग्रंथाचे नाव या प्रकारास दिले, मलयाळमने ‘नॉवेल’ हा शब्दच स्वीकारला.

‘इंदुलेखा’ निर्दोष नाही. अठराव्या प्रकरणात निरीश्वरवाद आणि राष्ट्रीय सभा यांवर चाललेली प्रदीर्घ चर्चा कथेला थोपवून धरते. ज्या खुलाशांच्या भाराने अनुवाद सोडावा लागला, तेच येथे मागल्या दाराने परत आले आहेत. ‘शारदा’ या दुसऱ्या कादंबरीचा पहिला भाग १८९२ मध्ये निघाला. १८९९ मध्ये लेखकाचे निधन झाले आणि ती अपुरीच राहिली. तथापि सूरी नंपूतिरिप्पाडाचे बोलणे आणि पंचु मेननचा शीघ्रकोप आजही ताजे वाटतात. हे संवाद लिहिणाऱ्याने प्रथम घरच्या माणसांना गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्यांना कंटाळा केव्हा येतो हे पाहिले होते.