ट्रॅकवरच्या गाडीतला ऑईल ॲक्युम्युलेटर : बसवायचा कसा, लक्ष कशावर ठेवायचं

संकेश्वरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत चेन्नईकडे जातो आणि शहराच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला मद्रास सर्किटच्या जवळून पुढे सरकतो. सुमारे ३.७ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर रोजच्या वापरातली गाडी उतरवली की पहिला धोका ब्रेक-टायरला नसतो, तो ऑईलला असतो. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, पण स्पर्धेच्या टू-स्ट्रोक कार्टमध्ये ऑईल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. तिथून थेट कारमध्ये बसणाऱ्याला हा धोका माहीत नसण्याचीच शक्यता जास्त.

गाडीचं ऑईल खालच्या चेंबरात साठतं आणि पंप ते जाळीच्या नळीतून ओढतो. लांब वळणावर गाडीला गुरुत्वाकर्षणाइतकाच जोर बाजूला बसला, तर चेंबरातल्या ऑईलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो, दाब कोसळतो. बेअरिंग आणि क्रँकमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. तिथला ऑईलचा पडदा गेला की धातूवर धातू घासतो. इंजिन त्याच वळणावर बसेल असं नाही. बेअरिंग आधी खरडतं आणि दोन-तीन ट्रॅक दिवसांनी आवाज करायला लागतं, तेव्हा कारण कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ॲक्युम्युलेटर म्हणजे आत पिस्टन असलेलं नळकांडं. एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनचं ऑईल. पंपाचा दाब चांगला असताना ऑईल आत शिरून हवा दाबतं. दाब पडला की हवा तेच ऑईल इंजिनात ढकलते. अमेरिकेतल्या कँटन कंपनीचा 'ॲक्युसंप' हा यातला सर्वांत ओळखीचा प्रकार.

आता जरा हिशेब, कारण गैरसमज इथंच होतो. नळकांडं २.८ लिटरचं आणि रिकामं असताना हवा ७ पौंड धरू. ऑईलचा दाब ६० पौंड असताना आत साधारण २ लिटर ऑईल मावतं. दाब ३० पौंडांवर येईपर्यंत त्यातलं जेमतेम अर्धा ते पाऊण लिटर बाहेर येतं आणि १५ पौंडांपर्यंत मिळून सव्वा लिटर. चढ्या आरपीएमवर इंजिन हे काही सेकंदांत गिळतं. म्हणजे ही उशी एका वळणापुरती आहे, आजारावरचं औषध नव्हे. चेंबरात आडवे पत्रे, म्हणजे बॅफल, वेल्ड करून घेणं स्वस्त पडतं आणि तेच आधी करायला हवं. वर्षातून एक-दोनदा साध्या टायरवर ट्रॅकवर जाणाऱ्याला बॅफल आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑईल एवढ्यावर बहुधा भागतं.

तरीही बसवायचाच असेल, तर जोड ऑईल फिल्टरखालच्या सँडविच प्लेटमधून घ्यावा. प्रेशर स्विचच्या बारीक भोकातून घेतलेला जोड वेळेवर पुरेसं ऑईल देऊच शकत नाही. पंपाच्या बाजूला एकदिशा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. नाहीतर दाब पडल्यावर ऑईल बेअरिंगकडे न जाता पंपातून उलटं चेंबरात उतरतं. नळकांडं आडवं किंवा ऑईलची बाजू खाली ठेवून, सायलेन्सरच्या उष्णतेपासून लांब, पक्क्या क्लॅम्पनं बांधावं.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात हायड्रॉलिकची कामं मुबलक, त्यामुळे होज क्रिंप करून मिळणं अवघड नाही. मात्र नेहमीचा हायड्रॉलिक होज साधारण १०० अंश सेल्सियसपर्यंतचा असतो आणि ट्रॅकवर ऑईल १२० च्या पुढे जाऊ शकतं. दाबाचा आकडा बघून होज घेतला आणि तापमानाचा विचारलाच नाही, असं करू नये. कारखान्यातला नायट्रोजनचा ॲक्युम्युलेटरही इथं चालत नाही; तो कितीतरी जास्त दाबासाठी बनलेला असतो.

ऑईल किती घालायचं? ॲक्युम्युलेटर भरलेला, त्याचा व्हॉल्व्ह बंद आणि इंजिन थांबलेलं, अशा स्थितीत डिपस्टिक वरच्या खुणेवर यायला हवी. हाताचा व्हॉल्व्ह असेल तर इंजिन बंद करण्याआधी आरपीएम थोडे चढवून तो बंद करायचा. विसरलात, तर आतलं सगळं ऑईल चेंबरात उतरतं, पातळी खुणेच्या खूप वर जाते आणि पुढच्या वेळी क्रँक ते घुसळून फेस करतो. सुरू करताना उलटं : आधी व्हॉल्व्ह उघडायचा, काटा हलला की मग स्टार्टर. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह चावीबरोबर हे आपोआप करतो. विसरभोळ्यांनी तोच घ्यावा.

कंपनीच्या लाल दिव्यावर भरवसा नको, तो दाब जवळपास संपल्यावरच पेटतो. इंजिनच्या मुख्य ऑईल गॅलरीवर वेगळा सेन्सर लावून, साधारण २५-३० पौंडांखाली पेटणारा मोठा दिवा नजरेसमोर ठेवावा. त्यात आरपीएमची अटही घालावी, नाहीतर गरम इंजिन आयडलवर असताना तो उगाच पेटत राहील. डेटा लॉगर असेल तर दाब, आरपीएम आणि वळणाचा जोर एकत्र पाहावेत. प्रत्येक फेरीत त्याच वळणावर दाब थोडा दबून सावरत असेल, तर ॲक्युम्युलेटर काम करतोय. फेरीगणिक खड्डा खोल होत गेला, तर ऑईल तापून पातळ झालंय, हवा गळतेय किंवा एकदिशा व्हॉल्व्ह धरत नाही.

हवेचा दाब दर ट्रॅक दिवसाआधी, ऑईल पूर्ण उतरवूनच मोजावा. भरलेल्या नळकांड्यावर तो आकडा निरर्थक. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर ऑईलचा फवारा आला, तर पिस्टनची रिंग गेली समजायची. आणि एखादं इंजिन बेअरिंग खाऊन बसलं असेल, तर नवं इंजिन जोडण्याआधी ॲक्युम्युलेटर उघडून धुवायचाच. जुन्या बेअरिंगचा चुरा त्यात साठलेला असतो आणि नव्या इंजिनाला पहिलं ऑईल तिथूनच मिळतं.