किडनीतली गाठ, तिच्या रक्तवाहिन्या आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो

नाशिकच्या एका मित्राने आईच्या सीटी स्कॅनच्या फिल्मचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: ‘किडनीत गाठ आहे, कॅन्सर असेल का रे?’ मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण डॉक्टर हे कसं ओळखतात, ते सांगता आलं.

साध्या एक्स-रेत रक्तवाहिन्या वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून रक्तात आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट सोडतात. आयोडीन एक्स-रे अडवतं आणि रक्तवाहिन्या उठून दिसतात. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी काढली की ती सीटी अँजिओग्राफी. जुन्या पद्धतीत जांघेतल्या धमनीतून बारीक नळी किडनीपर्यंत नेतात. त्याची सोपी रीत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. यात कॉन्ट्रास्टच्या आधीचं चित्र नंतरच्या चित्रातून कॉम्प्युटर वजा करतो. आपण फोटोचं बॅकग्राउंड उडवतो ना, तसंच. हाडं गायब, उरतात फक्त रक्तवाहिन्या.

आता गंमत बघा. अँजिओमायोलिपोमा ही सहसा कॅन्सर नसलेली गाठ रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीची बनलेली असते. पण ती ओळखू येते मुख्यतः चरबीवरून! सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, तर चरबी उणे १०० च्या आसपास. (चरबी फारच कमी असेल तर मात्र एमआरआय किंवा बायोप्सी लागू शकते.) रक्तवाहिन्यांचं चित्र कामी येतं ते धोका जोखायला: गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा रक्तवाहिनीला ५ मिलिमीटर वा त्याहून मोठा फुगा असेल, तर रक्तस्रावाची भीती वाढते. तेव्हा त्याच नळीतून ती रक्तवाहिनी बंद करता येते, आणि किडनी वाचू शकते.

ऑन्कोसायटोमा ही दुसरी साधी गाठ. तिच्या रक्तवाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात, म्हणून एकेकाळी हीच तिची खूण मानत. पण काही कॅन्सरही तसेच दिसतात. नुसत्या आऱ्या बघून कुणी ‘काही नाही, साधी गाठ आहे’ म्हणालं, तर मी तरी निर्धास्त होणार नाही.

आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोत ते उणे १०० मोजताच येत नाही. ते आकडे मूळ डायकॉम फाइलमध्ये असतात. सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागून घ्या. मित्राला तेच सांगितलं: सीडी घे आणि युरॉलॉजिस्टला दाखव, शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयातही किडनीचे रुग्ण तपासतात. पुन्हा कॉन्ट्रास्ट द्यायची वेळ आलीच तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट, जुनी ॲलर्जी आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगायचं.