घड्याळ, अंतर आणि अभ्यास : महाराष्ट्रातील किताबधारक बुद्धिबळपटूंच्या जलद ऑनलाइन खेळाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बुद्धिबळ हा मूळचा भारतीय खेळ आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र आज हा खेळ ज्या स्वरूपात सर्वाधिक खेळला जातो, त्या जलद ऑनलाइन बुद्धिबळाकडे शिक्षित समाज काहीशा संशयाने पाहतो. महाविद्यालयाच्या आवारात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणारा विद्यार्थी वेळ वाया घालवीत आहे, असे बहुतेक प्राध्यापकांना वाटते. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील खेळाडूंनी मिळविलेल्या मोठ्या यशात जलद डावांचा वाटा निर्णायक ठरला आहे. या दोन गोष्टींची संगती कशी लावायची, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

येथे ‘किताबधारक’ हा शब्द ग्रँडमास्टर, इंटरनॅशनल मास्टर इत्यादी अधिकृत किताब मिळविलेल्या खेळाडूंसाठी वापरला आहे. नवशिक्या खेळाडूची प्रगती कोणत्याही सरावाने होते. परंतु आधीच बलवान असलेल्या खेळाडूने जलद खेळात आणखी पुढे कसे जावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

उद्दिष्टे

1) बुद्धिबळातील कालमर्यादेच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
2) महाराष्ट्रातील बुद्धिबळ परंपरेवर महाजालाचा झालेला परिणाम तपासणे.
3) किताबधारक खेळाडूंच्या जलद खेळातील प्रगतीची कारणे शोधणे.

बिनघड्याळाच्या पटापासून दुहेरी घड्याळापर्यंत

आपल्याकडील देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे. राजाला शह बसला नसेल तर त्याला एकदा घोड्याची चाल करता येई. डावाची सुरुवात संथ होती आणि वेळेचे बंधन नव्हते. युरोपातही आरंभी वेगळी स्थिती नव्हती. 1851 च्या लंडन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घड्याळ नव्हते व एकेका चालीसाठी खेळाडू दीर्घकाळ विचार करीत बसत. पुढे वाळूची घड्याळे आली आणि 1883 च्या लंडन स्पर्धेत थॉमस ब्राइट विल्सन यांनी तयार केलेले दुहेरी घड्याळ वापरले गेले. एका खेळाडूने चाल केली की त्याचे घड्याळ थांबे व प्रतिस्पर्ध्याचे सुरू होई. तेव्हापासून वेळ ही पटावरील सोंगट्यांसारखीच खेळाडूची मालमत्ता झाली. ती खर्च करता येते, वाचविता येते आणि गमावताही येते.

पुढील महत्त्वाचा टप्पा अमेरिकेचे जगज्जेते बॉबी फिशर यांच्या घड्याळाचा होय. प्रत्येक चालीनंतर खेळाडूच्या वेळेत काही सेकंदांची भर घालणाऱ्या या घड्याळासाठी त्यांनी 1988 मध्ये एकस्वाचा अर्ज केला. स्वतः फिशर जलद खेळातही अजोड होते. 1970 मध्ये हेर्सेग नोवी (तत्कालीन युगोस्लाव्हिया) येथील पाच मिनिटांच्या डावांच्या स्पर्धेत त्यांनी 22 पैकी 19 गुण मिळविले. दुसऱ्या क्रमांकावरील मिखाईल ताल यांचे साडेचौदा गुण होते. परंतु फिशर यांची ओळख होती ती प्रचंड वाचन करणारा व प्रत्येक डावाचे बारकाईने विश्लेषण करणारा खेळाडू अशी. वेग आणि व्यासंग यांचे हे नाते पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रातील परंपरा व अंतराचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर काळात आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संघटित बुद्धिबळाला चालना मिळाली. 1955 मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांनी विभागून मिळविले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाची चळवळ उभी केली. मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिला बुद्धिबळाचा पाया घातला. वासंती 1974 च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या विजेत्या ठरल्या, तर जयश्री 1979 मध्ये भारताच्या पहिल्या वुमन इंटरनॅशनल मास्टर झाल्या. प्रवीण ठिपसे यांना 1997 मध्ये, तर पुण्याच्या अभिजित कुंटे यांना 2000 मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळाला.

या यादीतील गावांची नावे पाहिली तर एक बाब सहज ध्यानात येते. मुंबई, पुणे आणि सांगली येथे मंडळे होती, स्पर्धा होत्या आणि मुख्य म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्धी होते. मराठवाड्याची स्थिती वेगळी होती. आद्यकवी मुकुंदराज व दासोपंतांची परंपरा लाभलेल्या अंबाजोगाईला आजही रेल्वे नाही; गाडी पकडण्यासाठी परळी गाठावी लागते. अशा गावातील बुद्धिमान मुलाला आपल्यापेक्षा बलवान खेळाडूशी डाव खेळायचा तर प्रवास, मुक्काम आणि खर्च अटळ होता. बुद्धिबळात गुणवत्ता घडते ती बलवानाकडून हरता-हरता. ही हरण्याची संधीच ग्रामीण खेळाडूला मिळत नसे.

महाजालाचे आगमन

1992 मध्ये इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला आणि ही स्थिती तत्त्वतः बदलली. पुढे 2007 मध्ये चेस डॉट कॉम व 2010 मध्ये लिचेस ही संकेतस्थळे आली. 2014 पासून ‘टायटल्ड ट्यूजडे’ ही केवळ किताबधारकांसाठीची ऑनलाइन स्पर्धा सुरू झाली. घरबसल्या जगज्जेत्याशी डाव खेळण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

मात्र येथील कालमान पूर्णतः वेगळे होते. या स्पर्धेत दीर्घकाळ रूढ असलेल्या पद्धतीनुसार खेळाडूला तीन मिनिटे व प्रत्येक चालीला एक सेकंद वाढीव मिळे. डाव 60 चालींचा झाला तर एकूण 240 सेकंद, म्हणजे चालीला सरासरी चार सेकंद. एक मिनिटाच्या ‘बुलेट’ डावात ही सरासरी एका सेकंदावर येते. शिवाय प्रतिस्पर्ध्याची चाल होण्यापूर्वीच आपली चाल नोंदवून ठेवण्याची सोय, माउसवरील हाताचा वेग आणि जोडणीची स्थिरता हे पटाबाहेरचे घटकही निकालावर परिणाम करू लागले. लाकडी पटावर वाढलेल्या किताबधारकाला या गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या.

2020 : ऑनलाइन ऑलिम्पियाड

कोविड महासाथीमुळे 2020 मध्ये प्रत्यक्ष स्पर्धा थांबल्या व जागतिक बुद्धिबळ महासंघाने (फिडे) ऑनलाइन ऑलिम्पियाड भरविले. डावासाठी 15 मिनिटे व चालीमागे पाच सेकंद अशी वेळ होती. भारतीय संघाचे नेतृत्व नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी याच्याकडे होते आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख संघात होती. 30 ऑगस्ट रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्याची पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरिन व दिव्या यांची महाजालाची जोडणी तुटली व ते वेळेवर हरले. भारताने दाद मागितल्यावर जागतिक पातळीवरील तांत्रिक बिघाड लक्षात घेऊन फिडेने दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

या घटनेचा अर्थ दुहेरी आहे. नाशिक, नागपूर व मॉस्को एका पटावर आले, म्हणजे अंतर मिटले. परंतु पूर्वी प्रवासखर्चाच्या रूपाने उभा असलेला अडथळा आता वीज व महाजाल जोडणीच्या रूपाने उभा राहिला. अंतिम सामन्यातील राष्ट्रीय संघाला दाद मागता आली; वीज गेल्याने डाव गमावणाऱ्या खेड्यातील मुलाला ती मागता येत नाही.

वेग कोठून येतो?

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी 1946 मध्ये बुद्धिबळपटूंच्या विचारप्रक्रियेवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. 1973 मध्ये विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले की, निपुण खेळाडू खऱ्या डावातील स्थिती क्षणभर पाहून अचूक मांडतो. मात्र सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की त्याची ही श्रेष्ठता बव्हंशी नाहीशी होते. म्हणजेच त्याचे बळ सर्वसाधारण स्मरणशक्तीत नसून अभ्यासाने साठविलेल्या आकृतिबंधांत आहे. 2004 मध्ये ब्रूस बर्न्स यांनी अतिजलद डावांतील निकालांचा अभ्यास करून, खेळाडूंमधील कौशल्याचा बहुतांश फरक या त्वरित ओळखीने स्पष्ट होतो, असा निष्कर्ष काढला.

याला दुसरी बाजूही आहे. क्रिस्टोफर शाब्रिस व एलियट हर्स्ट यांनी 2003 मध्ये दाखविले की, ग्रँडमास्टरही जलद डावांत दीर्घ डावांपेक्षा अधिक व मोठ्या चुका करतात. विचाराला वेळ मिळाला की खेळ सुधारतो, हा त्याचा अर्थ. तसेच स्टेफेन क्यून व सहकाऱ्यांनी महासाथीच्या काळातील डावांची तुलना केली असता, तेच खेळाडू प्रत्यक्ष पटापेक्षा ऑनलाइन डावांत काहीसे कमी अचूक खेळत असल्याचे आढळले.

ही मते परस्परविरोधी वाटली तरी त्यांतून एकच सूत्र निघते. चार सेकंदांत खेळाडू नवीन विचार फारसा करीत नाही; पूर्वी केलेला विचार ओळखतो. त्यामुळे किताबधारकाने केवळ जलद डावांची संख्या वाढविली तर जुन्या सवयीच, चुकांसह, पक्क्या होतात. प्रारंभीच्या चालींची मोजकी पण खोल तयारी, अंत्यडावांचे ज्ञान, वेळ कोठे खर्च करायचा याचे भान आणि हरलेल्या प्रत्येक डावाचे शांतपणे केलेले परीक्षण, हीच प्रगतीची साधने ठरतात. हरल्याच्या रागात लगेच पुढचा डाव सुरू करणे हा या माध्यमातील सर्वांत मोठा मोह आहे, कारण प्रतिस्पर्धी तेथे क्षणात मिळतो. जलद डाव म्हणजे परीक्षा. ती वारंवार दिल्याने उणिवा कळतात, पण अभ्यासक्रम मात्र स्वतंत्रपणेच पुरा करावा लागतो.

बातुमी, 2025

या सूत्राचे उत्तम उदाहरण दिव्या देशमुखच्या कारकिर्दीत सापडते. 2023 मध्ये कोलकाता येथील टाटा स्टील स्पर्धेत तिने महिलांच्या जलद विभागाचे विजेतेपद मिळविले. 2025 मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक स्पर्धेत चीनची झू जिनर, द्रोणवल्ली हरिका आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी या तिघींना तिने जलद डावांच्या बरोबरी-भेदात हरविले. अंतिम फेरीचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले होते. 28 जुलै रोजी, वेळेच्या टंचाईत सापडलेल्या हंपीविरुद्ध काळ्या सोंगट्यांनी दुसरा जलद डाव जिंकून ती विजेती झाली व भारताची 88 वी ग्रँडमास्टर ठरली. परंतु त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिला तिने हरविले ते 101 चालींच्या दीर्घ डावात. जलद डावातील धैर्य व दीर्घ डावातील चिकाटी या दोन स्वतंत्र विद्या नाहीत, याची साक्ष या एकाच स्पर्धेत मिळते.

निष्कर्ष

1) कालमर्यादेच्या प्रत्येक बदलाबरोबर बलवान खेळाडूलाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले; ऑनलाइन खेळ हा त्या परंपरेतील नवा टप्पा आहे.
2) महाजालाने ग्रामीण खेळाडूची भौगोलिक अडचण कमी केली, तथापि सुविधांची विषमता कायम ठेवली.
3) किताबधारकाच्या जलद खेळातील प्रगतीचा आधार संथ अभ्यास हाच आहे.

समारोपादाखल एवढेच नमूद करावेसे वाटते की, अंबाजोगाईसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या हातातील पडद्यावर केवळ बंदी घालून भागणार नाही. प्रतिस्पर्धी आता त्याला घरी मिळतो. मिळत नाही तो हरलेला डाव सोबत बसून तपासणारा मार्गदर्शक. ग्रंथालयात बुद्धिबळावरील पुस्तके, एक लाकडी पट, एक घड्याळ आणि आठवड्यातून एक सायंकाळ एवढी तजवीज झाली, तरी तीन मिनिटांच्या त्या डावांचे विद्येत रूपांतर होऊ शकेल.